प्रोसेस कागदावर कशी आणायची आणि मग कशी सुधारायची: छोट्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी

नाशिकमधल्या वीस-चाळीस माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत ‘आता प्रोसेस लिहून काढू या’ हे वाक्य सहसा तीन प्रसंगी ऐकू येतं. सगळ्यात जुना डेव्हलपर राजीनामा देऊन हिंजवडीला निघतो आणि डिप्लॉयमेंट, म्हणजे नवा कोड ग्राहकाच्या चालू सिस्टीमवर चढवणं, फक्त त्यालाच येत होतं हे तेव्हा कळतं. किंवा अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या मोठ्या ग्राहकाकडून व्हेंडर ऑडिटची (पुरवठादाराच्या तपासणीची) प्रश्नावली येते आणि ‘चेंज मॅनेजमेंट प्रोसिजर जोडा’ या रकान्यापुढे काय लिहावं ते सुचत नाही. नाहीतर मार्चअखेरीला, ग्राहक वर्षाचे हिशेब बंद करत असताना, दिवाळीत दुरुस्त केलेला बग पुन्हा उगवतो.

पुढचं ठरलेलं असतं. एक जण नेटवरून टेम्प्लेट उतरवतो, त्यात कंपनीचं नाव घालतो आणि साठ पानांची फाईल तयार होते. ती ग्राहकाला जाते, ऑफिसात मात्र पुन्हा कोणी उघडत नाही. कारण त्या फाईलमध्ये वर्णन केलेलं काम त्या ऑफिसात कधी होतच नसतं.

या लेखात सांगितलेली पद्धत उलट्या बाजूने जाते. काम आज जसं चालतं तसंच आधी लिहायचं, आणि लक्ष ठेवायचं ते काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं त्या सांध्यांवर. डेव्हलपरने कोड कसा लिहावा यावर पानं भरायची गरज फारशी पडत नाही. वेळ जातो आणि चुका शिरतात त्या बहुतेक सांध्यांमध्ये.

गंमत म्हणजे आपले ग्राहक यात आपल्यापेक्षा पुढे आहेत. सातपूर किंवा अंबडच्या ऑटो पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात वर्क इन्स्ट्रक्शन मशीनशेजारी टांगलेली असते, तिच्यावर रिव्हिजन नंबर आणि तारीख असते, आणि आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचा ऑडिटर मॅनेजरला विचारण्याआधी ऑपरेटरला विचारतो, ‘पार्ट रिजेक्ट झाला तर कुठे ठेवता?’ त्याच कारखान्याला ईआरपी (स्टोअर, बिलं, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) विकणाऱ्या कंपनीत ‘बिल्ड बिघडला तर काय करता?’ या प्रश्नाला तीन माणसं तीन उत्तरं देतात. पुढचं सगळं करताना ग्राहकाकडचा तो शॉप फ्लोअर डोळ्यांसमोर ठेवा, बराच गोंधळ वाचतो.

आधी एकच प्रवाह निवडा

‘आपली संपूर्ण एसडीएलसी (सॉफ्टवेअर तयार होण्याचा मागणीपासून देखभालीपर्यंतचा प्रवास) डॉक्युमेंट करायची’ असा ठराव झाला की काम तिथेच बुडालं म्हणून समजा. पंचवीस माणसांच्या कंपनीत चार प्रवाह लिहिले तरी रोजचं बहुतेक काम त्यांत येतं: नवी मागणी येण्यापासून अंदाजपत्रक देण्यापर्यंत, बदल किंवा बग येण्यापासून लाइव्ह होण्यापर्यंत (म्हणजे ग्राहकाकडे चालू होण्यापर्यंत), लाइव्ह सिस्टीम बंद पडल्यावर काय करायचं, आणि माणूस कंपनीत येतो-जातो तेव्हा काय करायचं.

सुरुवात दुसऱ्यापासून करा. तो आठवड्यातून अनेकदा घडतो, त्यामुळे निरीक्षणाला माल भरपूर मिळतो. त्यात सपोर्ट, डेव्हलपर, टेस्टर असे किमान तीन हात लागतात. आणि तो ग्राहकापाशी संपतो, म्हणजे सुधारणा झाली की नाही हे बाहेरचा माणूस सांगू शकतो.

कामाच्या मागे मागे जा

हा भाग सगळ्यात मोलाचा, आणि बहुतेक कंपन्या नेमका हाच गाळतात. मीटिंग रूममध्ये बसून ‘आपली प्रोसेस काय आहे?’ असं विचारलं की लोक पुस्तकी उत्तर देतात. मालक समोर बसले असतील तर आणखीच पुस्तकी. ‘रिक्वायरमेंट येते, मग ॲनालिसिस होतं, मग डिझाइन...’ हे ऐकू आलं की वही मिटावी.

त्याऐवजी नुकतीच पूर्ण झालेली पाच-सहा टिकिटं (एकेका कामाच्या सिस्टीममधल्या नोंदी) निवडा. त्यांत एक गडबड झालेलं आणि एक ‘आत्ताच्या आत्ता पाहिजे’ म्हणून आलेलं असू द्या. मग प्रत्येकाचा माग काढा. पुरावा सगळा हाताशी असतो: व्हॉट्सॲपवरचा पहिला मेसेज, टिकीट उघडल्याची वेळ, गिटमधले (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातले) कमिट आणि मर्ज, म्हणजे बदल नोंदवल्याच्या आणि मूळ कोडमध्ये मिसळल्याच्या वेळा, टेस्टरचा शेरा, डिप्लॉयमेंटचा लॉग. त्यानंतर ज्यांनी ते काम केलं त्यांच्या टेबलाशी जाऊन बसा आणि त्या टिकिटाबद्दलच विचारा. हे काम तुमच्याकडे कुठून आलं? येताना सोबत काय होतं? जे नव्हतं ते कुठून मिळवलं? काम झालं हे कशावरून ठरवलं? पुढे कोणाला दिलं आणि कसं कळवलं?

विचारणारा माणूस शक्यतो त्यांचा साहेब नसावा. आणि सपोर्टला बसणाऱ्या मॅडमना शेवटी ठेवू नका. ग्राहक कोणत्या दिवशी ओरडतो, कोणता डेव्हलपर मेसेज पाहतो पण उत्तर देत नाही, कोणाला फोन केला की काम हलतं, हे सगळं त्यांना ठाऊक असतं.

माग काढल्यावर काय दिसतं, याचं एक काल्पनिक पण ओळखीचं वाटेल असं उदाहरण घेऊ. सोमवारी सकाळी ग्राहकाच्या स्टोअरमधून व्हॉट्सॲपवर फोटो येतो: डिलिव्हरी चलनावर एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाच्या प्रकाराचा क्रमांक) छापून येत नाहीये. सपोर्ट तो दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो. तिथे दोन अंगठे मिळतात. टिकीट मंगळवारी संध्याकाळी तयार होतं. डेव्हलपर गुरुवारी ते हातात घेतो आणि दोन तासांत संपवतो. मग रिव्ह्यूसाठी, म्हणजे दुसऱ्याने कोड तपासण्यासाठी, थांबतं, कारण रिव्ह्यू करणारे सर एकच आणि ते सिन्नरला ग्राहकाकडे इम्प्लिमेंटेशनवर. पुढच्या सोमवारी रिव्ह्यू होतो, अर्धा तास. मंगळवारी टेस्टिंग अडतं, कारण त्या ग्राहकाचा प्रिंट फॉर्मॅट टेस्टरकडे नाही. तो बुधवारी मिळतो, दीड तासात टेस्टिंग होतं. गुरुवारी रात्री अर्ध्या तासात लाइव्ह.

सोमवार ते पुढच्या आठवड्यातला गुरुवार, म्हणजे दहा दिवस. त्यात प्रत्यक्ष हात लागला तो साडेचार तास. ग्राहक ‘एवढ्याशा कामाला दहा दिवस?’ म्हणतो तेव्हा तो चुकत नसतो, आणि ‘मी दोन तासांत करून दिलं’ म्हणणारा डेव्हलपरही खोटं बोलत नसतो. डेव्हलपरला आणखी वेगाने काम करायला लावून यातला एक दिवससुद्धा वाचणार नाही.

चित्र काढा, पण खरं

भिंतीवर ब्राउन पेपर लावा. आडव्या पट्ट्या आखा: ग्राहक, सपोर्ट, डेव्हलपर, रिव्ह्यू करणारे, टेस्टर. काम ज्या क्रमाने सरकलं त्या क्रमाने चिठ्ठ्या चिकटवा. पट्टी ओलांडणाऱ्या प्रत्येक बाणावर दोन गोष्टी लिहा: सोबत काय गेलं आणि निरोप कोणत्या मार्गाने गेला.

मग तीन खुणा करा. काम पडून राहतं तिथे एक, काम परत मागे येतं तिथे दुसरी, आणि एकाच माणसावर अडतं तिथे तिसरी. वरच्या उदाहरणात पहिली खूण व्हॉट्सॲप ग्रुपवर पडेल, दुसरी प्रिंट फॉर्मॅटवर, तिसरी सिन्नरला गेलेल्या सरांवर.

चोरवाटाही काढा, तुटक रेषेने. ग्राहकाचा डायरेक्टर थेट आपल्या मालकांना फोन करतो आणि मालक थेट डेव्हलपरला सांगतात, ही वाट प्रत्येक छोट्या कंपनीत असते. ती लपवलेलं चित्र खोटं ठरतं. शिवाय काही चोरवाटा शहाणपणाच्या असतात. पाच मिनिटांच्या फोनने जे काम होतं त्यासाठी फॉर्म भरायला लावणं ही सुधारणा नव्हे. फोन करा, पण तो झाल्याची ओळ टिकिटावर पडू द्या, एवढंच लिहावं लागतं.

हा कागद आठवडाभर भिंतीवर राहू द्या आणि शेजारी पेन लटकवा. लोक येता-जाता दुरुस्त्या करतात, आणि त्या मीटिंगमधल्या दुरुस्त्यांपेक्षा प्रामाणिक असतात.

लिहायचं किती आणि कसं

एका प्रवाहाला एक पान. त्यात मावत नसेल तर बहुधा दोन प्रवाह एकत्र झालेले असतात. पानावर एवढं असावं: काम कशाने सुरू होतं, सुरू करायला हातात काय हवं, कोण काय करतो, झालं हे कशावरून ठरतं, अडलं तर काय करायचं, या पानाची जबाबदारी कोणाची आणि ते शेवटचं कधी तपासलं.

वाक्यात कर्ता दिसला पाहिजे. ‘कोड रिव्ह्यू करण्यात यावा’ हे सरकारी वळणाचं वाक्य वाचून कोणीच उठत नाही. ‘ज्याने कोड लिहिला नाही असा एक डेव्हलपर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत रिव्ह्यू करतो’ हे वाक्य एका माणसाला उद्देशून आहे आणि पाळलं गेलं की नाही ते तपासताही येतं. ‘योग्य ती काळजी घ्यावी’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द दिसले की खोडा.

भाषा कोणती, हा प्रश्न नाशिकमध्ये हमखास येतो. टीम आपसात मराठीत बोलत असेल तर यादी मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. कमांड, फाईलची नावं, स्क्रीनवरचे शब्द मात्र जसेच्या तसे ठेवा, कॉपी करून चालवता आले पाहिजेत. टीममध्ये मराठी न समजणारा एक जरी माणूस असेल किंवा पान ग्राहकाच्या ऑडिटला जाणार असेल तर इंग्रजी. दोन भाषांत दोन प्रती ठेवू नका, दोन महिन्यांत त्या दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागतात.

नमुना म्हणून लाइव्ह करण्याच्या पानाचा गाभा देतो. आपल्या गरजेप्रमाणे काटछाट करा.

१. टिकिटावर टेस्टिंग पास झाल्याची नोंद आणि टेस्टरचं नाव आहे का पाहा. नसेल तर इथेच थांबा.
२. सपोर्टने ग्राहकाला किमान एक दिवस आधी वेळ कळवली आहे ना, ते विचारा. शिफ्ट बदलायच्या वेळी, महिनाअखेरीच्या दोन दिवसांत आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आपण लाइव्ह करत नाही.
३. डेटाबेसचा बॅकअप घ्या. फाईल तयार झाली एवढ्यावर थांबू नका, तिचा आकार कालच्या फाईलशी ताडून पाहा.
४. आत्ता चालू असलेल्या आवृत्तीचा टॅग टिकिटावर लिहा. परत जायचं झालं तर याच आवृत्तीवर जायचं.
५. आधी डेटाबेसच्या बदलाची स्क्रिप्ट चालवा, मग ॲप्लिकेशन चढवा. स्क्रिप्टमध्ये जुना कॉलम काढून टाकणारी ओळ असेल तर ती या रिलीजला चालवायची नाही.
६. लाइव्ह झाल्यावर स्वतः लॉगिन करा, जुनं एक चलन उघडा, एक इनव्हॉइस पुन्हा प्रिंट करा.
७. हिशेबाच्या मॉड्यूलला हात लागला असेल तर एडिट लॉग चालू आहे आणि नवा बदल त्यात उतरतोय का पाहा.
८. अडचण आली आणि पंधरा मिनिटांत सुटली नाही तर जुन्या आवृत्तीवर परत जा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.
९. टिकीट बंद करा आणि सपोर्टला कळवा. ग्राहकाला सपोर्ट कळवतं.

यातल्या तीन ओळींबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. पाचवी ओळ आठवीला वाट मोकळी करून देते. कॉलम एकदा उडवला की जुनी आवृत्ती चालत नाही, मग परत जाण्याचा हक्क नुसता कागदावर राहतो. म्हणून रिकामा झालेला कॉलम पुढच्या रिलीजला काढायचा. सातवी ओळ कायद्यामुळे आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराची ऑडिट ट्रेल आणि तारखेसह एडिट लॉग हवा आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. एखाद्या अपडेटने तो लॉग चुकून थांबला तर प्रश्न ग्राहकाच्या ऑडिटरकडून येतो, आणि तोही वर्ष संपल्यावर.

आठवी ओळ मालकांकडून लिहून घ्यावी लागते. रात्री साडेदहाला, ग्राहकाची तिसरी शिफ्ट सुरू व्हायच्या तोंडावर, दोन वर्षं अनुभवाच्या मुलाने ‘परत जाऊ का?’ हे विचारायला फोन लावत बसायचं आणि साहेबांनी तो उचलायचा नाही, हे टाळण्यासाठी निर्णय दिवसाउजेडी, शांतपणे घेऊन ठेवलेला बरा.

आयएसओला जाड फाईल लागते अशी समजूत अजून टिकून आहे. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअलची सक्ती राहिलेली नाही, आणि आधी बंधनकारक असलेल्या सहा लेखी प्रोसिजरही गेल्या. काय लिहून ठेवायचं ते बरंचसं संस्थेवर सोडलं आहे. दुसऱ्या टोकाला ‘आम्ही अजाइल (छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवणारे) आहोत, आम्हाला डॉक्युमेंट लागत नाही’ म्हणणारे असतात. २००१ च्या अजाइल जाहीरनाम्याने चालणाऱ्या सॉफ्टवेअरला भरमसाट दस्तऐवजांपेक्षा वरचं स्थान दिलं आहे, हे खरं. पण डावललेल्या बाजूलाही किंमत आहे, हेही त्यातच लिहिलंय. ती ओळ फारसं कोणी वाचत नाही.

पान ठेवायचं कुठे? डेव्हलपरचं पान कोडसोबत गिट रेपोमध्ये, म्हणजे कोड बदलताना त्याच मर्जमध्ये पानही बदलता येतं आणि कोणी कधी बदललं हेही राहतं. सपोर्टला गिट उघडायला लावू नका, त्यांचं पान टिकीट सिस्टीममध्ये किंवा शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये. नियम एकच: मूळ प्रत एक, बाकी फक्त लिंक. भिंतीवर प्रिंट लावायची असेल तर कारखान्यासारखी, वर तारीख आणि आवृत्ती टाकून.

नोंदींसाठी वेगळी रजिस्टरं काढू नका. टिकीट, कमिट आणि मर्ज या नोंदीच आहेत. ऑडिटरला दाखवायला म्हणून महिन्याच्या शेवटी एक्सेल भरणं सुरू झालं की ती प्रोसेस खोटी झाली.

कागद नवख्याच्या हातात द्या

लिहिणाऱ्याने स्वतःचं पान तपासू नये. कंपनीत सगळ्यात नवीन आलेल्या मुलाला किंवा मुलीला टेस्ट सर्व्हरवर त्या पानाबरहुकूम काम करायला सांगा. लिहिणारा शेजारी बसेल, पण बोलणार नाही. हे न बोलणं अवघड जातं. नवखा जिथे थांबतो, इकडेतिकडे पाहतो, अंदाजाने काही टाइप करतो, तिथे पानात भोक आहे. पासवर्ड कुठे असतो, व्हीपीएन आधी लावायचं की नंतर, कोणत्या फोल्डरमधून कमांड द्यायची, असल्या गोष्टी जाणकाराच्या हातात मुरलेल्या असतात आणि लिहिताना त्याला आठवतच नाहीत.

नाशिकला याची दुसरी परीक्षा २०२७ च्या सिंहस्थात आहेच. पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद, वाहतूक वळवलेली. पंचवटीतून किंवा त्र्यंबक रोडने येणारे लोक ऑफिसला पोहोचणार नाहीत हे गृहीत धरा. ग्राहकांचे कारखाने मात्र चालू असतील. ऑफिसच्या एका ठरावीक मशीनवरूनच लाइव्ह करता येतं अशी जर आज स्थिती असेल, तर ती ओळ आत्ताच लाल करून ठेवा.

बदलायच्या आधी मोजा

आज किती वेळ लागतो हे लिहून ठेवलं नाही तर तीन महिन्यांनी ‘सुधारलं असं वाटतंय’ यापलीकडे काही सांगता येत नाही. मोजमापं थोडी ठेवा. डोरा या संशोधन गटाने रूढ केलेली चार मापं छोट्या कंपनीलाही पुरतात: किती वेळा लाइव्ह करतो, कोड पूर्ण झाल्यापासून लाइव्हपर्यंत किती वेळ जातो, लाइव्ह केलेल्यांपैकी किती वेळा बिघाड झाला, आणि बिघडल्यावर सावरायला किती वेळ लागला. आपल्या उदाहरणासाठी पाचवं जोडा: ग्राहकाच्या पहिल्या मेसेजपासून लाइव्हपर्यंतचे दिवस. ग्राहकाला तेवढंच दिसतं. सरासरी काढताना एक-दोन रखडलेली कामं चित्र बिघडवतात, म्हणून मधली संख्या घ्या: कामं दिवसांच्या क्रमाने लावा आणि बरोबर मधलं काम पाहा.

शिवाय हातात किती कामं अर्धवट आहेत ते मोजा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम इथे उपयोगी पडतो. चालू कामांची संख्या भागिले दर आठवड्याला पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारे सरासरी आठवडे. चोवीस टिकिटं चालू आहेत आणि आठवड्याला सहा संपतात, तर नव्या टिकिटाला सरासरी चार आठवडे लागणार, मालक कितीही ओरडले तरी. तोच वेग ठेवून चालू कामं बारावर आणली तर दोन आठवडे. सगळ्या ग्राहकांना खूश ठेवायला सगळंच सुरू करून ठेवायची आपली सवय कुठे नडते ते या भागाकारात दिसतं.

माणसांची मापं काढू नका. कोणाचे किती कमिट, कोणाचे किती बग, असा तक्ता भिंतीवर लागला की पुढच्याच आठवड्यात टेस्टर आणि डेव्हलपर ‘हा बग धरू नकोस’ अशी घासाघीस करू लागतात. माप उद्दिष्ट झालं की त्याचा माप म्हणून उपयोग संपतो, हे चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व इन्क्रिमेंटच्या महिन्यात प्रत्येक कंपनीत सिद्ध होतं.

एका वेळी एक बदल

भिंतीवरच्या चित्रात तीन खुणा आहेत म्हणून तिन्ही एकदम दुरुस्त करायचा मोह होतो. तसं केलं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही आणि लोकही वैतागतील. सगळ्यात जास्त दिवस खाणारी खूण घ्या. आपल्या उदाहरणात ती रिव्ह्यूची.

बदल आणि अपेक्षा दोन्ही लिहून ठेवा. ‘रिव्ह्यू करणारे दोघे असतील. शंभर-दीडशे ओळींच्या आतला बदल दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत पाहून होईल. सर बाहेर असतील तर त्यांची वाट पाहायची नाही. चार आठवडे करून पाहू, मेसेज ते लाइव्ह हे दिवस दहावरून सातपर्यंत यावेत.’ चार आठवड्यांनी आकडा पाहा. उतरला तर पानात कायमचं लिहा, नाही उतरला तर जुनं परत आणा आणि दुसरं काही करा. योजना, कृती, तपासणी, दुरुस्ती हे डेमिंग यांच्या नावाने कारखान्यांत फिरणारं चक्र ते हेच. आपल्या ग्राहकाचा क्वालिटी मॅनेजर ते झोपेतही म्हणून दाखवेल.

दुसरा रिव्ह्यूअर तयार करणं हे नियम करण्याइतकं सोपं नसतं. सुरुवातीला त्याने पाहिलेलं सर पुन्हा पाहतात, म्हणजे कामाचा वेळ वाढतोच. काही आठवडे ते होऊ द्या. पण त्याला एक मुदत घाला, नाहीतर ‘सरांनी एकदा नजर टाकली की मग मर्ज’ हीच नवी प्रोसेस होऊन बसते.

प्रिंट फॉर्मॅटची अडचण त्या मानाने स्वस्तात सुटते. सपोर्टच्या टिकीट फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा: ग्राहकाच्या प्रिंटचा फोटो जोडला का? व्हॉट्सॲप बंद करायच्या भानगडीत पडू नका. ग्राहक तिथेच मेसेज टाकणार. तो आला की तासाभरात टिकीट करून त्याचा नंबर त्याच चॅटवर पाठवायचा, एवढी शिस्त सपोर्टकडून मिळते. नंबर मिळाला की ग्राहकाचे फोनही कमी होतात.

गडबड झाली तर

लाइव्ह सिस्टीम बंद पडली, चुकीचा डेटा गेला, कोणी आत शिरलं, यासाठीचं पान वेगळं आणि आणखी छोटं असावं, कारण ते घाईत वाचलं जातं. पहिल्या ओळीत निर्णय कोणाचा ते. दुसरीत ग्राहकाशी कोण बोलणार ते. दुरुस्ती करणाऱ्याने फोन उचलायचे नाहीत. तिसरीत नोंद: काय झालं, किती वाजता.

सायबर घटना असेल तर कायद्याचं घड्याळही चालू होतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरवून दिलेल्या प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात आणि सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपायचे असतात. कळवायचं कोणी, कोणत्या ईमेलवरून, आणि तो माणूस रजेवर असेल तर दुसरा कोण, हे पानावर हवं. सर्व्हरवर लॉग तीस दिवसांनी आपोआप पुसले जातात का, तेही याच निमित्ताने पाहून घ्या. बऱ्याच ठिकाणी जुनी डीफॉल्ट सेटिंग तशीच असते.

घटना निवळल्यावर दोन-तीन दिवसांत बसायचं आणि घटनाक्रम मांडायचा. ‘कोणी केलं’ हा प्रश्न आधी आला की खरा घटनाक्रम कधीच बाहेर येत नाही. आपल्याकडे ज्येष्ठ बोलले की कनिष्ठ गप्प बसतात, म्हणून बसण्याची रीतच बदला: प्रत्येकाने आपल्याला काय दिसलं ते आधी चिठ्ठीवर लिहायचं, वाचून दाखवायला सगळ्यात लहानापासून सुरुवात, मालक शेवटी. निष्पत्ती म्हणून ‘यापुढे काळजी घेऊ’ चालणार नाही. एखाद्या यादीत एक ओळ वाढली किंवा बदलली पाहिजे, नाहीतर एखादी तपासणी यंत्राकडे सोपवली गेली पाहिजे. वरच्या नमुन्यात बॅकअपचा आकार ताडून पाहायची ओळ आहे, तशा ओळी अशाच बैठकीतून येतात.

कागद जुना पडू नये म्हणून

प्रत्येक पानाला एक धनी नेमा, नावाने. समिती नको. पान तपासायचं ते वर्षातून एकदा ठरलेल्या तारखेला नाही, तर तीन प्रसंगी: घटना घडल्यावर, टूल किंवा सर्व्हर बदलल्यावर, आणि नवा माणूस रुजू झाल्यावर. नव्या माणसाला पहिल्या पंधरवड्याचं कामच हे द्या की पानात जिथे अडशील तिथे दुरुस्ती सुचव. आणि ओळी वाढत जातात तशा काढायलाही शिका. यंत्र आपोआप तपासू लागलं की यादीतली ती ओळ गेली पाहिजे.

राजीनामा आल्यावरचा हॅन्डओव्हर बहुतेक ठिकाणी शेवटच्या आठवड्यात, व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग करून उरकला जातो. ते रेकॉर्डिंग नंतर कोणी बघत नाही. नोटीस पिरियडच्या पहिल्याच आठवड्यात जाणाऱ्याची कामं दुसऱ्याच्या हातात द्या आणि जाणाऱ्याला शेजारी, हात मागे बांधून, बसवा. उरलेल्या दिवसांत त्याला विचारण्यासारखं काय आहे ते तेव्हाच बाहेर येतं.

सीएमएमआय (प्रोसेस किती मुरली आहे ते मोजणारं मॉडेल) किंवा आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेचं मानक) सारखं प्रमाणपत्र घ्यावं का, हा प्रश्न या टप्प्यावर विचारणं ठीक. सीएमएमआयच्या आधीचं सीएमएम हे मॉडेल मुळात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेने तिथल्या संरक्षण खात्यासाठी तयार केलं. मोठे पुरवठादार पारखण्यासाठी. पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यातल्या पाच पातळ्यांची भाषा उपयोगाची आहे, पण ग्राहक मागत नसेल तर तीस माणसांच्या कंपनीने तो खर्च आधी करू नये. ग्राहक मागत असेल तर वर लिहिलेली पानं, टिकिटं आणि घटनांच्या नोंदी यांवरच प्रमाणपत्राची तयारी उभी करा. सल्लागाराने आणलेली तयार फाईल बाजूला ठेवा.

पहिल्या प्रवाहाला साधारण सहा आठवडे धरा: दोन माग काढायला आणि लिहायला, चार बदल करून पाहायला. त्यासाठी एका माणसाचा आठवड्यातला एक दिवस मोकळा करावा लागतो, आणि तो दिवस ग्राहकाच्या कामाला परत ओढला जाणार नाही याची हमी मालकांनी द्यावी लागते. दुसरा प्रवाह निवडताना घटना हाताळण्याचं पान आधी घ्या. अंदाजपत्रकाचा प्रवाह शेवटी ठेवा, कारण तिथे सेल्सची माणसं आणि मालक स्वतः गुंतलेले असतात, आणि त्यांचा माग काढायला तोवर हातात थोडे आकडे असलेले बरे.